मुलांच्या गोष्टींतला अंधार काढून टाकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पानावर एका पालकांचं पत्र आलं होतं, की हल्ली मुलांच्या फँटसी पुस्तकांत मरण, आजारपण, छळ, राक्षस हे सगळं फार झालंय, मुलं रात्री दचकून उठतात, तेव्हा शाळांनी आणि लायब्रऱ्यांनी अशी पुस्तकं बाजूला काढावीत. मी ते पत्र दोनदा वाचलं. त्या पालकांची काळजी खरी आहे. मीही आई आहे, माझ्या मुलाने लहानपणी एक पुस्तक मला कपाटाच्या पार वरच्या फळीवर ठेवायला लावलं होतं, कारण त्यातलं एक चित्र त्याला लाईट घालवला की आठवायचं. पण बाजूला काढा हे मला पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायचं तर यंदाच्या पावसाळ्यात आमच्याकडे काय झालं ते आधी सांगावं लागेल, म्हणून पत्र जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

इथे साताऱ्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमधे मी दर शनिवारी संध्याकाळी मुलांना गोष्ट वाचून दाखवते. आठ ते तेरा वर्षांची चौदा-पंधरा मुलं, दोन सतरंज्या, एक लोखंडी कपाट, एवढीच आमची लायब्ररी. माझे सासरे, वय ७९, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो, तेही मागे खुर्चीवर येऊन बसतात, घरी एकट्याने त्यांना करमत नाही. यंदा जूनमधे मी 'ब्रदर्स लायनहार्ट' घेतलं. ॲस्ट्रिड लिंडग्रेन या स्वीडिश लेखिकेचं १९७३ सालचं पुस्तक. माझ्याकडे इंग्रजी प्रत आहे, मी पान डोळ्यांखालून घालायचे आणि मराठीत सांगायचे, असे नऊ शनिवार लागले.

ज्यांनी वाचलं नाहीये त्यांच्यासाठी सांगते. कार्ल नावाचा जेमतेम दहा वर्षांचा मुलगा, सारखा खोकतो, पाय वाकडे, शाळेत जात नाही, स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपून असतो, आई लोकांचे कपडे शिवते. एके दिवशी आई कुणाशी तरी बोलताना त्याच्या कानावर पडतं की हा आता मरणार. पुस्तक तिथून सुरू होतं, बघा! मोठा भाऊ योनातन तेरा वर्षांचा, देखणा, सगळ्यांचा लाडका, तो रात्री उठून याला गरम पाण्यात मध घालून देतो आणि सांगतो की घाबरू नकोस, मेल्यावर आपण नांगियालाला जातो, तिथे अजून शेकोट्यांचा आणि गोष्टींचा काळ चालू आहे. मग घराला आग लागते, योनातन धावत वर जातो, धाकट्याला पाठकुळी घेतो आणि खिडकीतून उडी मारतो, आणि मरतो तो, धडधाकट होता तो. दोन महिन्यांनी कार्लही जातो. आणि नांगियालात त्याचा खोकला गेलेला असतो, पाय सरळ झालेले असतात, स्वतःचा घोडा मिळतो, आपल्याला वाटतं चला सुटला बिचारा, तर तिथेही टेंगिल नावाचा जुलमी राजा निघतो ज्याने एक अख्खं खोरं भिंत घालून कोंडलंय, आणि त्याच्या हुकमातली काटला नावाची आग ओकणारी राक्षसीण. म्हणजे मरणाच्या पलीकडेही भीती आहेच, आणि पुन्हा मरणही आहे.

कार्लचं लाडाचं नाव इंग्रजीत रस्की आहे, आमच्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचा टोस्ट्या केला. दुसऱ्या शनिवारनंतर एका आईचा मला मेसेज आला, काकू जरा पॉझिटिव्ह गोष्टी घ्या ना, मुलांना आधीच अभ्यासाचं टेन्शन असतं. मी त्यांना म्हटलं तुम्ही पण या, मुलांच्या शेजारी बसा आणि मग ठरवू. त्या आल्या. नंतर अजून एक आई आली, एकदा एक आजोबा आले.

आमच्यात एक दहा वर्षांची मुलगी आहे, तिचे बाबा २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेले (तिच्या आईला विचारून लिहितेय). तेव्हा ही पाच वर्षांची होती. घरात एका खोलीत ते बंद होते आणि ही दाराबाहेर बसून त्यांचा खोकला ऐकायची, मग एक दिवस ॲम्ब्युलन्स आली आणि खोकला ऐकू यायचा बंद झाला, इतकंच तिला आठवतं. ती फार बोलत नाही. कार्ल नांगियालात पोचतो ते सांगितलं त्या दिवशी तिने हात वर केला आणि विचारलं, काकू, तिकडे गेल्यावर त्याचा खोकला खरंच थांबला? मी म्हटलं हो, पुस्तकात तसंच आहे, अगदी स्पष्ट लिहिलंय. पुढच्या शनिवारी तिने पुन्हा तेच विचारलं आणि मी पुन्हा ते पान काढून दाखवलं, तिला इंग्रजी नीट येत नाही पण ती त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसली होती.

आता मला सांगा, या मुलीच्या आयुष्यात मरण त्या पुस्तकाने आणलं का? ते तिच्याकडे आधीच होतं, पाच वर्षं होतं, फक्त त्याबद्दल विचारायला तिला जागा नव्हती. आम्ही मोठ्यांनी तिच्यासमोर विषय काढायचा नाही असं ठरवून टाकलं होतं, आणि त्याला आम्ही तिची काळजी घेणं म्हणत होतो.

शेवटच्या शनिवारची मात्र मला खूप भीती होती. शेवटी योनातन काटलाच्या आगीने लुळा पडतो, आणि सबंध पुस्तकभर स्वतःला भित्रा म्हणत आलेला कार्ल मोठ्या भावाला पाठीवर घेऊन कड्यावरून उडी घेतो, पुढच्या देशात, नांगिलिमात जायला. स्वीडनमधेही पुस्तक आलं तेव्हा या शेवटावरून टीका झाली होती, की मुलांना मरण हा मार्ग म्हणून दाखवलाय. ती टीका मी उडवून लावणार नाही. म्हणून मी ते पान सांगितल्यावर पुस्तक मिटलं आणि स्पष्ट म्हटलं की ही दोघं गोष्टीतली, आधीच पलीकडे गेलेली मुलं आहेत, आपल्या जगात कुणी लुळं पडलं तर आपण त्याला दवाखान्यात नेतो आणि त्याच्याजवळ बसतो. तर एक अकरा वर्षांचा मुलगा चिडून म्हणाला मग टोस्ट्याने पण बसायला पाहिजे होतं त्याच्याजवळ, आयुष्यभर! दुसरी म्हणाली अरे पण तिथे दवाखानाच नाहीये. अर्धा तास ती पोरं भांडली, लेखिकेशीही भांडली, शेवट चुकीचा आहे असं पाच जणांनी हात वर करून सांगितलं. एकही मूल गप्प होऊन, मनात काही घेऊन घरी गेलं नाही. हे पुस्तक मुलाच्या हातात देऊन आपण दुसऱ्या खोलीत जायचं नाही हे माझंही मत आहे, आणि त्या पालकांशी मी इतपत शंभर टक्के सहमत आहे.

पण मला खरं सांगायचंय ते आप्पांचं.

त्या रात्री जेवण झाल्यावर आप्पा उठलेच नाहीत, ताटावर हात वाळवत बसले होते. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, सूनबाई, त्या धाकट्याने थोरल्याला उचलला गं शेवटी. मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू त्यांनी सांगितलं की त्यांना एक मोठा भाऊ होता, दादा. कोरेगाव तालुक्यातलं त्यांचं गाव, शाळा ओढ्यापलीकडे, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की पंधरा वर्षांचा दादा आठ वर्षांच्या आप्पांना पाठकुळी घेऊन पार करायचा. त्याच पावसाळ्यात दादा टायफॉइडने गेला. आईने पुन्हा त्याचं नाव घेतलं नाही, घरात फोटो नव्हताच, आणि आप्पा दुसऱ्या आठवड्यापासून लांबच्या पुलावरून शाळेत जायला लागले. माझं लग्न होऊन एकोणतीस वर्षं झाली, आप्पांना भाऊ होता हे मला माहीत नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं! सत्तर वर्षं तो माणूस हे एकटा वागवत होता आणि एका परक्या देशातल्या मुलांच्या पुस्तकाने ते बाहेर आलं. ते म्हणाले, मला नेहमी वाटायचं, त्याने मला इतक्या वेळा उचललं, मी त्याला एकदा पण नाही, खांदा द्यायला पण मी लहान होतो.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हॉलमधल्या प्रत्येकाने वेगळी गोष्ट ऐकली. मुलांच्या डोक्यात पहिली उडी राहिली, कुणीतरी आपल्याला पाठीवर घेऊन आगीतून काढतंय ती. आप्पांच्या मनात दुसरी राहिली. शेजारी बसलेल्या त्या मेसेजवाल्या आईला विचारलं तर तिच्या डोळ्यासमोर त्या पोरांची शिवणकाम करणारी आई होती, जी दोन्ही मुलं गेल्यावर त्या घरात एकटी उरते आणि पुस्तक तिच्याकडे नंतर फारसं वळतच नाही. कार्ल जाताना तिला चिठ्ठी ठेवतो, रडू नकोस, आपण तिकडे भेटू, तेवढंच. ती बाई मला म्हणाली काकू मला राजा, राक्षस काही आठवत नाही, मला ती चिठ्ठीच दिसतेय. अंधार तोच, पण आठ वर्षांचं माणूस त्यात एका जागी उभं असतं, चाळिशीचं दुसऱ्या, आणि ऐंशीला टेकलेलं तिसऱ्याच. सगळं गोड गोड असलेल्या गोष्टीत तसं होत नाही, तिथे उभं राहायला एकच जागा असते आणि ती मूल सहा-सात वर्षांचं झालं की त्याला पुरत नाही.

आणि हे आपल्याला नवीन नाही हो. चिलया बाळाची गोष्ट ऐकलेली माणसं अजून घराघरात आहेत. श्रीधरस्वामींनी १७१८ साली बारामतीत शिवलीलामृत पुरं केलं, त्यात श्रियाळ राजा आणि चांगुणेची ही कथा आहे, आमची आजी श्रावणात सांगायची आणि आम्ही पोरं तिच्या मांडीला चिकटून ऐकायचो. दारात अतिथी येतो आणि जेवायला त्यांच्या एकुलत्या एका लेकराचं मांस मागतो. चांगुणा चिलयाला स्वतः मारते, डोकं तेवढं नंतर बघायला म्हणून मागे ठेवते, तर अतिथी म्हणतो तेही उखळात घालून कांड, आणि कांडताना डोळ्यातून टिपूस आलेलं मला चालणार नाही. आणि ती कांडते, गात गात! शेवटी अतिथी शंकर असतो, हाक मारायला सांगतो आणि चिलया धावत येतो. मी सात-आठ वर्षांची असताना ही गोष्ट म्हणजे मला फक्त चिलया होती, तो परत येतो का याच्यावर माझा सगळा जीव. आजी कधी गाळायची नाही. चांगुणा म्हणते की नऊ महिने पोटात वागवला तेव्हा जड झाला नाही, तो आता कसा जड होईल, हे आजी सांगायची तेव्हा घरातल्या सगळ्या बायका पदर डोळ्याला लावायच्या आणि मला कळायचं नाही की आता तर तो परत येणारच आहे, मग या का रडतात. मला मुलगा झाल्यावर कळलं. आजीची दोन मुलं लहानपणी गेली होती हे त्याच्याही नंतर कळलं.

अँडरसनची काडेपेट्या विकणारी मुलगी, १८४५ ची गोष्ट, ती आपल्याकडे सगळ्यांनी कधी ना कधी वाचलीय. मुलांना विचारा, ती सांगतील की काडी पेटली की शेगडी दिसते, जेवण दिसतं, आजी दिसते. मोठं माणूस तीच गोष्ट वाचतं तेव्हा त्याला बंद खिडक्या दिसतात, आत उजेड असलेल्या, आणि रस्त्याने जाणारे आपण.

अजून एक पुस्तक सांगायचा मोह आवरत नाही, 'अ मॉन्स्टर कॉल्स', २०११ चं. त्याची मूळ कल्पना शिव्हॉन डाउड या लेखिकेची, पण ती २००७ मधे कॅन्सरने गेली आणि मग पॅट्रिक नेसने ते लिहिलं, चित्रं जिम के याची. २०१२ मधे ब्रिटनमधली मुलांच्या पुस्तकांची लिखाणाची आणि चित्रांची अशी दोन्ही मोठी मेडल्स त्याला मिळाली. तेरा वर्षांच्या मुलाची आई कॅन्सरने खंगत चाललीय आणि रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी घरामागचं जुनं झाड राक्षस होऊन त्याच्याकडे येतं. राक्षसाची भीती त्या पोराला वाटतच नाही, त्याला भीती वाटते ती स्वतःच्या मनातल्या एका गोष्टीची, की हे सगळं आता एकदाचं संपू दे असं त्याला वाटून गेलंय. मी माझ्या आईला शेवटचे सात महिने सांभाळलं, त्यातल्या एका पहाटे माझ्या मनात नेमकं हेच आलं होतं, आणि ते मी कुणाला, अगदी कुणालाही सांगितलं नव्हतं. मुलांच्या शेल्फवरच्या पुस्तकात ते छापलेलं वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडले. मोठ्यांसाठीच्या कुठल्याही पुस्तकाने मला हे इतकं सरळ विचारलं नव्हतं. मुलांसाठी लिहिणाऱ्याला गोल गोल बोलता येत नाही, मला वाटतं म्हणूनच ते असं आत जाऊन लागतं.

गोष्टी धुऊन पुसून द्यायची हौस जुनीच आहे. ग्रिम बंधूंच्या जर्मन लोककथांच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हान्सेल आणि ग्रेटेल या भावंडांना जंगलात सोडायला लावणारी त्यांची सख्खी आई होती, पुढच्या आवृत्त्यांत तिची सावत्र आई केली गेली, कारण सख्खी आई असं करेल हे मोठ्यांना सोसलं नाही. त्या बदलाने उपाशी मरणाऱ्या घराची गोष्ट एका वाईट बाईची गोष्ट झाली, आणि जगभरच्या सावत्र आयांवर ते ओझं कायमचं बसलं. आपल्याकडेही आता तेच चाललंय. आमच्या आजीच्या चिऊ-काऊच्या गोष्टीत काऊ शेवटी तव्यावर भाजायचा, नातवासाठी आणलेल्या रंगीत पुस्तकात मात्र तो माफी मागतो आणि दोघं मिळून खीर खातात. माझ्या वयाच्या लोकांनी चांदोबा वाचलाय, १९५२ पासून मराठीत यायचा, त्यात दर महिन्याला चित्रकार शंकर यांच्या चित्रात विक्रम राजा स्मशानातून प्रेत खांद्यावर टाकून निघालेला असायचा, आणि ते मासिक आमच्या घरात आठ वर्षांच्या माझ्यापासून ते पेन्शनीत निघालेल्या आजोबांपर्यंत सगळे ओढाताण करून वाचायचे. कठोपनिषदातला नचिकेत तर मूलच आहे, यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसतो आणि वर म्हणून विचारतो काय, तर मेल्यावर काय होतं. आमच्या त्या मुलीने जे विचारलं तेच!

सगळाच अंधार चांगला असं मी म्हणत नाहीये. मोबाईलवर मुलं जे बघतात, रक्त, किंकाळ्या, आणि लगेच अंगठा सरकवून पुढचं, त्याने मूल एकटं पडतं आणि बधिर होतं. लिंडग्रेनच्या गोष्टीत कार्ल एकटा नसतो, दर भीतीच्या वेळी त्याच्याजवळ भाऊ असतो, मथियास आजोबा असतो, निदान घोडा तरी असतो. आणि योनातन शत्रूच्या माणसालाही बुडताना वाचवतो, तलवार चालवायला नकार देतो. हा फरक मोठ्यांना तपासता येतो, फक्त त्यासाठी पुस्तक आधी आपण वाचावं लागतं. वरवर चाळून त्यात मरण आहे म्हणून यादीतून काढायचं हे सोपं पडतं. एका शाळेने आमच्याकडून नेलेल्या वीस पुस्तकांतली सात अशीच परत पाठवली, मी विचारलं वाचली का, तर उत्तर मिळालं वेळ झाला नाही.

लिंडग्रेनने हे पुस्तक लिहिलं तेव्हा ती पासष्टच्या आसपास होती. तिच्या वीमर्बी गावातल्या कब्रस्तानात १८६० साली लहानपणीच गेलेल्या दोन भावांच्या थडग्यावर जुना लोखंडी क्रॉस आहे, तो बघून तिला दोन भावांची आणि मरणाची गोष्ट सुचली असं तिने सांगितलंय. टीका झाली तरी तिने शेवट बदलला नाही, आणि हे वाचून मरणाची भीती गेली असं सांगणारे वाचक तिला पुढे कितीतरी वर्षं भेटत राहिले.

संपादकसाहेब, माझी एक विनंती आहे. तुमच्या मुलांच्या पुरवणीत या श्रावणात चिलया बाळाची गोष्ट पूर्ण छापा, उखळासकट, आणि जमलं तर गावोगावच्या आज्यांकडून ती कशी सांगतात ते मागवून घ्या. कांडताना चांगुणा जे गाते ते गाणं म्हणणाऱ्या बायका अजून आहेत, आमच्या गल्लीतच दोन आहेत, दोघीही ऐंशीच्या पुढच्या.

आप्पांनी परवा माझ्या मुलाला गाडी काढायला लावली आणि गावच्या ओढ्यावर जाऊन आले. आता तिथे सिमेंटचा बंधारा झालाय म्हणे. पुढच्या शनिवारी नवीन पुस्तक सुरू करायच्या आधी मुलांना दादाची गोष्ट आपण स्वतः सांगणार असं त्यांनी मला बजावून ठेवलंय, आणि टोस्ट्यासारखं दादाला पण पोरांनी काहीतरी नाव ठेवलं तर चालेल असंही म्हणाले.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा